मांजऱ्या खडकातलं जुनं पाणी: खान्देशात समस्थानिकांचे नमुने घेताना

समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू. ते मोजणाऱ्या यंत्रात धातू दिसत नाही, पाणी दिसतं. ते कुठलं होतं, किती तापलं होतं, खडकातून किती वाहिलं, एवढंच. पण शिरांमधलं तांबं, शिसं, जस्त, सोनं किंवा फ्लोराइट बहुतेक ठिकाणी गरम पाण्यानेच आणून टाकलेलं असतं. त्यामुळे पाण्याची वाट सापडली की बोअर कुठे मारायचं हा निर्णय बराच सोपा होतो. खान्देशच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या खडकात, आज धातूची एकही खाण चालू नाही. तरीही ही पद्धत हाताखालून घालायला धुळे-नंदुरबार-जळगावचा पट्टा आम्हाला फार उपयोगी वाटतो. पोकळ्यांमध्ये खनिजं भरपूर, खडीच्या खदानी उघड्या, डाईक (फटीत लाव्हा थिजून झालेल्या खडकाच्या भिंती) जागोजाग, आणि धातू नसलेल्या खडकाचे आकडे कसे असतात ते इथे नीट कळतं. शोधमोहिमेत पैसा बुडतो तो बहुधा ही पार्श्वभूमी न मोजता थेट विसंगतीच्या, म्हणजे वेगळ्या पडलेल्या आकड्याच्या, मागे धावल्याने.

ऑक्सिजनच्या दर हजार अणूंत साधारण दोन अणू ऑक्सिजन-१८ चे असतात. खनिजागणिक हा वाटा अगदी किंचित हलतो, म्हणून तो ठरलेल्या मानकाशी ताडून दर हजारी फरकात सांगतात. हेच डेल्टा मूल्य. पाणी आणि सिलिकेट खनिजांसाठी मानक समुद्राच्या पाण्यावर बेतलेलं, ते व्हीस्मो. कार्बोनेटसाठी, म्हणजे चुन्याच्या खनिजांसाठी, व्हीपीडीबी हे दुसरं मानक. प्रयोगशाळेचा अहवाल बहुधा व्हीपीडीबीत येतो आणि धातुसाठ्यांवरचे शोधनिबंध व्हीस्मोत बोलतात. रूपांतर करताना व्हीपीडीबीच्या आकड्याला १.०३०९१ ने गुणून ३०.९१ मिळवायचे. ज्याने हे केलं नाही त्याचा आकडा तिसाच्या आसपास चुकतो, आणि नकाशावर त्याचा एक नमुना झकास विसंगती म्हणून चमकतो. दोन वेगळ्या वर्षांचे अहवाल एकाच तक्त्यात चिकटवले की हा घोळ हमखास होतो. म्हणून तक्त्याच्या मथळ्यात मानकाचं नाव लिहिल्याशिवाय आम्ही एकही आकडा भरत नाही.

या सगळ्याचा पाया तापमान आहे. कॅल्साइट हे चुन्याचं खनिज पाण्यातून बसतं तेव्हा जड ऑक्सिजन खनिजाकडे जास्त ओढला जातो. पाणी जितकं गार तितकी ही ओढ जास्त, जितकं गरम तितकी कमी. हिशेब सोपा आहे: २७ लाख ८० हजारांना केल्विन तापमानाच्या वर्गाने भागायचं आणि २.८९ वजा करायचे. उत्तर येतं ते कॅल्साइट आणि पाणी यांच्यातल्या फरकाच्या अगदी जवळचं. पाण्याचा डेल्टा उणे ५ धरला, तर २५ अंशांवर बसलेलं कॅल्साइट व्हीस्मोवर सुमारे २३.६, ५० अंशांवर १८.९, १०० अंशांवर १२.१ आणि २०० अंशांवर फक्त ४.५ दाखवेल. हे गणिताचे आकडे आहेत, खदानीतले नव्हेत. पण बॅगेत अशी चिठ्ठी असली की अहवाल हातात पडताच कुठे थांबायचं ते कळतं.

खान्देशात आणखी एक आधार आयता मिळतो. सावद्याकडच्या खदानींत बेसाल्टच्या पोकळ्यांतून स्टिल्बाइट, अ‍ॅपोफिलाइट, चॅबाझाइट अशी खनिजं निघतात आणि संग्राहकांकडे जातात. आइसलंडच्या भूऔष्णिक विहिरींमध्ये प्रत्यक्ष मोजून पाहिलेलं आहे की चॅबाझाइट साधारण ३० ते ७० अंशांत बनतं, स्टिल्बाइट-ह्युलँडाइट ९० ते ११० अंशांच्या आसपास, आणि त्यापुढे लॉमाँटाइट येतं. म्हणजे ज्या पोकळीत स्टिल्बाइट आहे आणि लॉमाँटाइट नाही, तिथलं त्याच सुमाराचं कॅल्साइट ११० अंशांच्या फार वर गेलेलं नसावं. उणे ५ चं पाणी धरलं तर त्याचा आकडा ११ च्या खाली जायला नको. आम्ही धोक्याची रेघ १० वर आखतो. त्याखाली आकडा आला तर तीनच शक्यता: पाणी खरंच जास्त तापलेलं होतं, पाणी वेगळं होतं, किंवा कुठेतरी चूक झाली. शोध घ्यायचा तो उलट्या क्रमाने, चुकीपासून सुरुवात करून.

खदानीत आणि डाईकवर

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकायचं. मार्चनंतर इथलं ऊन काळ्या खडकावर उभं राहू देत नाही, आणि पावसाळ्यात खदानीच्या तळाशी पाणी साचतं. सगळ्यात चांगला चेहरा म्हणजे ताज्या सुरुंगाचा. तो मिळवायचा तर खदान चालवणाऱ्याशी आधी बोलून सुरुंगाची वेळ विचारून घ्यावी आणि मोकळं झाल्याचा इशारा मिळेपर्यंत आत पाऊल टाकू नये. कामावरची माणसं "सोनं निंघनं का भाऊ?" असं विचारणारच. त्यांना नीट उत्तर द्यावं, कारण पोकळी कुठल्या थरात आणि किती उंचीवर लागली हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा वरचा भाग मांजऱ्या, म्हणजे फुग्यांच्या पोकळ्यांनी भरलेला. पाणी जास्त तिथूनच फिरतं. थराचा मधला घट्ट भाग पाण्याने क्वचितच शिवलेला असतो, म्हणून एका थरातून दोन्ही प्रकारचे नमुने घ्यायचे: मांजऱ्यातलं खनिज, आणि घट्ट भागातला स्वच्छ बेसाल्ट. दोन थरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा लागला तर त्याची उंची लिहून ठेवावी, पुढे थर जुळवताना कामी येते.

धुळे-नंदुरबारचे डाईक साधारण पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य धावतात. साक्री, नंदुरबारकडे ते शेतांतून भिंतीसारखे उभे दिसतात. डाईकच्या एका अंगाच्या विहिरीला पाणी आणि दुसऱ्या अंगाची कोरडी, हे तिथल्या शेतकऱ्यांना कोणी शिकवावं लागत नाही. डाईक वर चढताना त्याने शेजारचा खडक तापवला, फटी पाडल्या आणि त्या फटींतून पाणी फिरलं का, हा आपला प्रश्न. त्यासाठी डाईकला काटकोनात रेघ धरायची आणि संपर्कापासून ०, अर्धा, १, २, ५, १०, २० आणि ५० मीटरवर नमुने घ्यायचे. संपर्काजवळ दाट आणि लांब गेल्यावर विरळ, हे मुद्दाम. बदल झाला असेल तर तो पहिल्या काही मीटरांतच संपतो, आणि समान अंतराने घेतलेल्या नमुन्यांत तो नेमका दोन बिंदूंच्या मध्ये हरवतो. ५० मीटरचा नमुना पार्श्वभूमीसाठी, तो वगळायचा नाही. डाईकच्या दोन्ही अंगांना रेघ घ्यावी, कारण पाणी अडतं ते एकाच अंगाला.

पिशवी कापडी, आत कागदी चिठ्ठी, बाहेर मार्करने तोच क्रमांक. जागेचे अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, थराचा कुठला भाग, पोकळीत कोण आधी बसलं आणि कोण नंतर, हे जागेवरच लिहायचं. शेवटचा मुद्दा घरी आल्यावर आठवत नाही आणि फोटोवरून नीट कळतही नाही. बहुधा भिंतीला चॅल्सेडनीचं अस्तर, त्यावर ह्युलँडाइट किंवा स्टिल्बाइट, मग अ‍ॅपोफिलाइट. कॅल्साइट मात्र दोन-तीन वेळा येऊन गेलेलं असू शकतं. आधीचं कॅल्साइट आणि नंतरचं कॅल्साइट एका पिशवीत गेलं तर त्याचा येणारा सरासरी आकडा कुठल्याच पाण्याचा नसतो.

कॅल्साइट ओळखायला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल बरोबर असतंच. थेंब टाकला की फसफसतं, स्टिल्बाइट फसफसत नाही. पण थेंब टाकायचा तो टाकाऊ तुकड्यावर. ज्यातून भुकटी घ्यायची त्यावर आम्ल पडलं तर पृष्ठभाग विरघळून पुन्हा बसू शकतो.

कांकर

खान्देशात सगळ्यात जास्त नमुने बिघडतात ते कांकरामुळे. इथे पाऊस कमी, ऊन जास्त, काळी माती चुनखडीने भरलेली. मातीतलं पाणी फटींतून खाली उतरतं, सुकतं, आणि पांढरा चुना मागे ठेवतं. तोच कांकर. हा थर खडकाच्या फटींत काही मीटर खोलवर, कधी त्याहूनही खाली गेलेला असतो. आम्लाला तोही तसाच फसफसतो. बाष्पीभवन झालेल्या गार पाण्यातून बसल्यामुळे त्याचा ऑक्सिजनचा आकडा चढा असतो, आणि नमुन्यात तो थोडा जरी मिसळला तरी गरम पाण्याची खूण पुसट होते. म्हणजे कांकर खोटी विसंगती कमी दाखवतो, खरी विसंगती लपवतो जास्त.

भिंगाखाली पाहिलं तर फरक कळतो. पोकळीतल्या कॅल्साइटला स्वच्छ भेगतळ असतात, तिरक्या चौकटीत फुटतं आणि चमकतं. कांकर पिठूळ, मळकट, मातीचे कण अडकलेला, बहुधा मुळांच्या नळ्या असलेला. तरीही शंका असेल तर कार्बन बघायचा. मातीतला कार्बन डायऑक्साइड झाडांच्या मुळांतून आणि कुजण्यातून येतो. कापूस, केळी आणि बहुतेक झाडं-झुडपं एका पद्धतीने कार्बन घेतात. त्यांच्याखाली बसलेल्या चुन्याचा कार्बन डेल्टा उणे १२ च्या आसपास जातो. ज्वारी, बाजरी, मका आणि उष्ण कटिबंधातली गवतं दुसऱ्या पद्धतीने. त्यांच्याखाली तो शून्याच्या थोडा वर. मिसळ असेल तर मधे कुठेही. मात्र आज शेतात केळी आहे म्हणून खालचा चुना केळीचा, असं मानू नये. कांकर बसायला हजारो वर्षं लागतात, त्यात जुन्या गवताळ रानाचाच वाटा मोठा.

नियम म्हणून जमिनीखालचे पहिले ३ ते ४ मीटर आम्ही कार्बोनेटच्या नमुन्यांसाठी सोडूनच देतो. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-मातीचा जाड पट्टा आणि तापीकाठी शंभर मीटरहून जाड गाळ आहे, तिथे हा प्रश्न उरतच नाही; खडक हाती लागायला बोअरच हवं.

भुकटी आणि यंत्र

तुकडा करवतीने कापून, पाण्याने धुऊन, ५० अंशांच्या ओव्हनमध्ये सुकवायचा. कापलेल्या तोंडावर अ‍ॅलिझरीन रेड हा रंग लावला की कॅल्साइट लालसर होतं, डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेलं कार्बोनेट) तसंच राहतं. हे वेगळं करणं गरजेचं, कारण आम्लाबरोबरचा त्यांचा हिशेब वेगळा आणि डोलोमाइटला वेळही जास्त लागतो. रंग लावलेला अर्धा भाग फक्त बघायला, भुकटी दुसऱ्या अर्ध्यातून. कॅथोडोल्युमिनेसन्सची, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने खनिज उजळवून पाहण्याची, सोय असेल तर आधी-नंतरच्या पिढ्या आणखी स्पष्ट दिसतात: मँगनीज असलेलं कॅल्साइट नारिंगी उजळतं, लोहाचं प्रमाण जास्त असलेलं काळं राहतं.

भुकटी दातांच्या डॉक्टरांच्या ड्रिलने, अर्धा मिलिमीटरच्या डायमंड बरने (ड्रिलच्या टोकाने), वेग कमी ठेवून. जोरात चालवलं की टोक तापतं आणि भुकटी उडते. पांढऱ्या कागदावर जमा झालेली एक मिलिग्रॅमभर भुकटी पुरे. प्रत्येक नमुन्यानंतर बर सौम्य आम्लात बुडवून, पाण्याने आणि मग अल्कोहोलने पुसायचा. वजन ०.२ ते ०.३ मिलिग्रॅम. झिओलाइटचे (स्टिल्बाइट, चॅबाझाइट अशा खनिजांचे) कण मिसळले तरी आकडा बिघडत नाही, कारण त्यांतून कार्बन डायऑक्साइड निघत नाही. फक्त वायू कमी येतो आणि संकेत लहान मिळतो. गॅलेना (शिशाचं सल्फाइड), स्फॅलेराइट (जस्ताचं सल्फाइड) मिसळलेलं असेल तर मात्र आम्लात हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि मोजमापात ढवळाढवळ करतो, म्हणून सल्फाइडचे दाणे आधीच भिंगाखाली वेचून काढायचे.

१२ मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत भुकटी, वर रबरी पडद्याचं झाकण. कुप्या ७२ अंशांच्या ठोकळ्यात ठेवून हीलियमने आतली हवा काढून टाकायची, मग सुईने फॉस्फोरिक आम्लाचे काही थेंब. कॅल्साइटला एक तास पुरतो. निघालेला कार्बन डायऑक्साइड वस्तुमान ४४, ४५ आणि ४६ वर मोजला जातो. कार्बोनेटमधल्या तीनपैकी दोनच ऑक्सिजन वायूत येतात, त्यामुळे आम्लाच्या तापमानाची दुरुस्ती लावावी लागते. ती मानकांना त्याच तापमानावर त्याच आम्लात चालवल्याने आपोआप बसते. एनबीएस-१९ आणि एनबीएस-१८ या प्रमाणित नमुन्यांची जोडी दोन टोकांना धरते: पहिल्याचा कार्बन १.९५ आणि ऑक्सिजन उणे २.२०, दुसऱ्याचा उणे ५.०१ आणि सुमारे उणे २३.२, दोन्ही व्हीपीडीबीवर. एनबीएस-१८ हे नॉर्वेच्या फेन इथल्या कार्बोनाटाइटमधलं (कार्बोनेटच्या मॅग्मातून बनलेल्या खडकातलं) कॅल्साइट, म्हणजे धातुशोधवाल्यांच्या आकड्यांच्या अगदी शेजारचं. दर आठ-दहा नमुन्यांमागे मानक आणि दहातल्या एका नमुन्याची दुसऱ्यांदा भुकटी. पुनरावृत्ती ०.१ च्या आत बसली पाहिजे.

आम्ल हा सगळ्यात नाजूक भाग. ते शंभर टक्के हवं, घनता १.९ च्या वर. बाटली उघडी राहिली, पावसाळ्यात दमट हवा लागली की ते पाणी ओढतं. त्या पाण्याचा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडशी अदलाबदल करतो आणि सगळे ऑक्सिजनचे आकडे एका बाजूला सरकतात, कार्बनचे मात्र जागेवर राहतात. कार्बन बरोबर आणि ऑक्सिजन चुकलेला असं मानकांत दिसलं की आधी आम्ल बदलावं. दोन्ही घसरले आणि संकेत लहान, तर झाकणाचा रबर गळतोय आणि बाहेरची हवा आत शिरतेय.

आकडे वाचताना

एका कॅल्साइटच्या आकड्यात दोन अज्ञातं असतात, तापमान आणि पाणी, आणि समीकरण एकच. नवखा माणूस इथे आजच्या विहिरीचं पाणी घालतो. दख्खनचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. आजचं पाणी तेव्हाचं असायचं काही कारण नाही. तापमानासाठी कॅल्साइटमधले द्रव-समावेश, म्हणजे वाढताना आत अडकलेले द्रवाचे थेंब, तापवून पाहावेत, किंवा बरोबरच्या झिओलाइटवरून मर्यादा घालावी. मग उरतं ते पाणी.

आजचं खोल पाणी कसं वागतं हे बघायचं असेल तर अडावदजवळचं उनपदेव आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी गोमुखातून गरम पाणी येतं. बाटली एचडीपीई प्लास्टिकची, गोमुखाच्या तोंडाला धरून काठोकाठ भरायची, हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही, झाकण घट्ट. कुंडातलं पाणी चालत नाही, बाष्पीभवनाने ते जड झालेलं असतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही मोजून हॅर्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या पावसाच्या पाण्याच्या रेषेवर टाकायचे: हायड्रोजनचा डेल्टा म्हणजे ऑक्सिजनच्या आठपट अधिक १०. पाणी या रेषेवर बसलं तर ते पावसाचंच, खाली जाऊन तापून वर आलेलं. रेषेपासून उजवीकडे सरकलं आणि हायड्रोजन मात्र हलला नाही, तर त्याने खूप तापलेल्या खडकाशी ऑक्सिजन बदलून घेतलाय. खडकात हायड्रोजन नगण्य असतो, म्हणून तो हलत नाही.

अख्ख्या खडकाच्या मोजमापात एक गंमत आहे आणि तीच धातुशोधाच्या मुळाशी आहे. ताज्या बेसाल्टचा आकडा ५.५ ते ६ च्या दरम्यान. उणे ५ चं पाणी आणि प्लॅजिओक्लेज (बेसाल्टमधलं एक मुख्य खनिज) यांच्यातला फरक घेऊन हिशेब केला तर सुमारे १६० अंशांवर पाणी खडकाचा आकडा जवळपास हलवत नाही. त्याखाली तेच पाणी खडकाला जड करतं, त्यावर हलकं. म्हणजे हवामानाने कुजलेला बेसाल्ट १० च्या वर गेलेला, आणि २५० अंशांचं पाणी खूप वाहून गेलेला बेसाल्ट २ किंवा ३ वर उतरलेला, दोन्ही एकाच पाण्याची कामं. २५० अंशांवर आकडा ३ पर्यंत उतरवायचा तर बंद प्रणालीच्या हिशेबात खडकाच्या दीडपट पाणी, ऑक्सिजनच्या अणूंच्या मापाने, जायला हवं. १.३ च्या जवळ गेला तर पाणी अमाप. म्हणून अख्ख्या खडकाचा नमुना घेताना बाहेरची तांबूस साल दोन-तीन सेंटिमीटर छिलून टाकायची आणि मांजऱ्याच्या पोकळ्यांपासून लांबचे तुकडे वेचायचे. हिरवी किंवा तांबडी माती झालेला खडक नमुन्यात गेला तर उतरलेला आकडा परत चढतो आणि जागा निर्दोष दिसते.

साठ्यांभोवती ही हलक्या ऑक्सिजनची वलयं खरोखर सापडलेली आहेत. जपानच्या होकुरोकू भागात कुरोको (तांबं-शिसं-जस्ताच्या) साठ्यांजवळचा ज्वालामुखी खडक हलका आणि बाहेर जड, असा नकाशा १९८३ मध्ये छापला गेला. चुनखडीत बसलेल्या साठ्यांत चित्र आणखी ठसठशीत: २० च्या वरचा चुनखडीचा आकडा शिरेजवळ १०-१५ पर्यंत पडतो, कार्बन मात्र फारसा हलत नाही, कारण पाण्यात ऑक्सिजन ठासून भरलेला आणि कार्बन नावापुरता. डोळ्याला दिसणाऱ्या बदलाच्या कितीतरी बाहेरपर्यंत हा आकड्यांतला बदल पसरलेला असतो, आणि खर्च निघतो तो नेमका त्याच्यामुळे.

घराजवळचं उदाहरण हवं तर नंदुरबारमधल्या अक्राणीच्या डोंगरांपलीकडे, नर्मदेच्या उत्तरेला छोटा उदेपूर जिल्ह्यात अंबाडोंगर आहे. दख्खनच्याच काळातलं कार्बोनाटाइट, आणि त्याच्या कडेने फ्लोराइटचा साठा. कार्बोनाटाइट मॅग्मातून थेट आलं असेल तर त्याचा ऑक्सिजन ६ ते १० आणि कार्बन उणे ४ ते उणे ८ च्या चौकटीत बसतो. अंबाडोंगरचे बरेच नमुने या चौकटीच्या बाहेर, जड ऑक्सिजनकडे सरकलेले आहेत. म्हणजे नंतर कमी तापमानाचं पाणी फिरलं. इथे फ्लोराइटचा माग काढायचा तर हलक्याऐवजी जड आकडे शोधावे लागतील. कुठल्या दिशेची विसंगती शोधायची हे साठा कसला आहे त्यावर ठरतं, यंत्र ते सांगत नाही.

गंधकाचं काम बेसाल्टमध्ये फारसं निघत नाही, सल्फाइड कमीच. पण शिसं-जस्ताच्या शिरेवर असाल तर स्फॅलेराइट आणि गॅलेना एकमेकांना चिकटून वाढलेले दाणे वेगळे वेचून दोघांचा गंधक मोजावा. फरक २०० अंशांवर सुमारे ३.३, ३०० अंशांवर २.२. ही जोडी पाण्याचा अंदाज न मागता तापमान देते. मात्र दोघं एकाच वेळी वाढलेले असले पाहिजेत. गॅलेना जड आणि स्फॅलेराइट हलकं असं उलटं आलं तर ती जोडी टाकून द्यावी.

बोअरवाल्याकडे जाणाऱ्या तक्त्यात आम्ही एका नमुन्यासाठी एक ओळ ठेवतो: जागा, उंची, थर, खनिजाची पिढी, कार्बन, ऑक्सिजन व्हीस्मोवर, मानकाची त्या दिवशीची चूक, आणि कांकराबद्दल शेरा. एकटा उतरलेला आकडा नकाशावर रंगवायचा नाही. शेजारचे निदान दोन नमुने त्याच बाजूला झुकलेले असतील आणि दुसऱ्या भुकटीनेही तेच सांगितलं असेल, तरच रंग भरायचा. तुकड्याचा उरलेला अर्धा भाग त्याच क्रमांकाच्या पिशवीत कोरड्या जागी ठेवायचा. बोअरचा गाभा आल्यावर पहिली मागणी त्याचीच होते.